खांद्यावरचे पट्टे

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. वर्गात ही अर्पणपत्रिका शिकवताना कुणीतरी हमखास विचारतो, ‘‘सर, मग तिथले काळे लोक सुखी झाले का?’’ अशा वेळी मी डॉ. अलेक्झांडर ऑगस्टा यांची हकिकत सांगतो.

ऑगस्टा गुलाम नव्हतेच. १८२५ साली व्हर्जिनियातील नॉरफोक येथे ते स्वतंत्र माणूस म्हणून जन्मले. पण काळ्यांसाठी शाळा भरवायला तिथे कायद्याने बंदी आली. ते चोरून वाचायला शिकले. बाल्टिमोरमध्ये हजामती करून पोट भरले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश नाकारला, तेव्हा कॅनडात गेले आणि १८५६ साली टोरांटोत डॉक्टर झाले.

यादवी युद्धात, १८६३ च्या जानेवारीत, त्यांनी राष्ट्राध्यक्ष लिंकनना पत्र लिहून आपली सेवा देऊ केली. वैद्यकीय मंडळाने आधी रंगावरून आडकाठी घातली. ते हटले नाहीत. एप्रिलमध्ये ते मेजर आणि सर्जन झाले. अमेरिकी सैन्यात अधिकारपद मिळवणारे ते पहिले काळे डॉक्टर.

पुढच्याच महिन्यात बाल्टिमोरला आगगाडीत गोरा जमाव त्यांच्यावर चालून आला. खांद्यावरचे हुद्द्याचे पट्टे ओरबाडले. त्या शहराला काळ्याच्या हातातला वस्तरा चालत होता, खांद्यावरचे पट्टे चालत नव्हते.

पलटणीत हाताखालच्या गोऱ्या डॉक्टरांनी लिंकनकडे अर्ज केला, की काळ्याच्या हाताखाली काम करणे आम्हांला कमीपणाचे आहे. बदली झाली ती ऑगस्टांचीच. पगार वाटणाऱ्याने मेजरला काळ्या शिपायाचे महिना ७ डॉलर देऊ केले. ऑगस्टांनी सिनेटर हेन्री विल्सन यांना पत्र लिहिले. हुद्द्याप्रमाणे पगार देण्याचा हुकूम निघाला.

१ फेब्रुवारी १८६४ रोजी ते लष्करी न्यायालयात साक्षीला निघाले होते. वॉशिंग्टनच्या घोड्यांच्या ट्राममध्ये त्यांना आत बसू दिले नाही. पावसात बाहेर, हाकणाऱ्याजवळ उभे राहा म्हणाले. नकार देताच खाली उतरवले. ते पायी गेले. पोहोचायला उशीर झाला आणि उशिराचे कारण त्यांनी लेखी दिले. ते पत्र सिनेटर चार्ल्स समनर यांनी सिनेटमध्ये मांडले. १८६५ साली राजधानीच्या ट्राममध्ये रंगावरून मज्जाव करणे कायद्याने बंद झाले.

मला ऑगस्टा मोठे वाटतात ते इथे. पदवी मिळाली, पद मिळाले की जात आपोआप गळून पडेल, असे आपल्यातल्या शिकलेल्यांना आजही वाटते. बाबासाहेब परदेशी शिकून १९१७ साली बडोद्याला आले, तर त्यांना पारशी विश्रामगृहातून हुसकावून लावले. त्यांनी ते लिहून ठेवले, म्हणून आपल्याला ठाऊक आहे. माझ्या पहिल्या नोकरीत मला माठाला हात लावू देत नसत. ओंजळीत वरून पाणी ओतत. मी निमूट प्यालो. त्याची कुठेही नोंद नाही. आणि नोंद नाही म्हणून ‘तसे काही घडतच नव्हते’ असे म्हणायला ते मोकळे!

१८६८ पासून ऑगस्टांनी हॉवर्ड विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवले. वॉशिंग्टनच्या गोऱ्या डॉक्टरांच्या संस्थेने मात्र त्यांना सभासद करून घेतले नाही. १८९० साली ते वारले. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत पुरले गेलेले ते पहिले काळे अधिकारी.

विद्यार्थ्याला मी एवढेच सांगतो: बाबा, सुख आपोआप येत नाही. अपमान गिळू नकोस. तारीख घाल, ठिकाण घाल आणि लिही.