शिट्टी न होणारा कुकर

आई माझ्याकडे आली की इलेक्ट्रिक प्रेशर कुकरपुढे अस्वस्थ होते. "शिट्टीच होत नाही, मग आत काय चाललंय ते कळायचं कसं?" मी अंडी उकडायला ठेवली, तेव्हाही तिने हेच विचारलं. तिचा प्रश्न तीनशेहून अधिक वर्षं जुना आहे.

१६७९ साली डेनिस पापँ या फ्रेंच संशोधकाने लंडनमध्ये घट्ट झाकणाचं एक भांडं दाखवलं. त्यात वाफ कोंडली की पाणी शंभर अंशांच्या वर तापे आणि हाडंही मऊ होत. पण कोंडलेली वाफ भांडं फोडूही शकत होती. म्हणून पापँने झाकणावर वजनाने दाबलेली झडप बसवली. दाब वाढला की ती उचलली जाई. आपल्या कुकरची शिट्टी त्याच वजनाची नात. आतली उष्णता अजमावायला तो झाकणाच्या खळग्यात पाण्याचा थेंब टाकी आणि तो किती वेळात उडून जातो ते लंबकाच्या झोक्यांवर मोजी. शिट्ट्या मोजणारी आई आणि झोके मोजणारा पापँ एकाच घराण्यातले.

१२ एप्रिल १६८२ रोजी रॉयल सोसायटीचे काही सदस्य या भांड्यात शिजवलेलं जेवण जेवले. पाव किलोहूनही कमी कोळशात कडक हाडं मऊ झाल्याची नोंद जॉन एव्हलिनच्या रोजनिशीत आहे. पापँची अखेरची वर्षं मात्र हलाखीत गेली.

२०१० साली बाजारात आलेल्या 'इन्स्टंट पॉट'मागे रॉबर्ट वँग हे कॅनडातले संगणकतज्ज्ञ होते. तोवर इलेक्ट्रिक प्रेशर कुकर नवे राहिले नव्हते. वँग यांनी त्यात सेन्सर आणि मायक्रोप्रोसेसर यांची सांगड घातली. मोजण्याचं काम माणसाकडून चिपकडे गेलं.

या कुकरमध्ये अंडी अनेकजण ५-५-५ने उकडतात: दाबाखाली ५ मिनिटं, मग वाफ न सोडता ५ मिनिटं, शेवटी गार पाण्यात ५ मिनिटं. दाब आल्यावरच वेळ मोजायला सुरुवात होते. अंडी पाण्यात नव्हे, जाळीवर, वाफेत शिजतात. एकदम उष्णता लागल्याने पांढरा भाग आतल्या पापुद्र्याला फारसा चिकटत नाही आणि सालं सहज निघतात.

मी प्रोग्रॅम लिहून पोट भरतो. तरी आईच्या शिट्ट्यांच्या हिशेबाला मी कधी तंत्रज्ञान म्हटलं नव्हतं. डाळीला किती, बटाट्याला किती, गॅस कधी बारीक करायचा, हे तिने कुठेही लिहून ठेवलेलं नाही. माझ्या कुकरला त्याची गरज नाही, म्हणून मीही ते कधी विचारून घेतलं नाही.

कुकर पिकपिकला. मी अंडी गार पाण्यात टाकली. आईने त्यातलं एक उचलून ओट्यावर गरकन फिरवलं. कच्चं अंडं डगमगतं. हे भोवऱ्यासारखं फिरलं.

"झालंय," ती म्हणाली.

मग मी तिला डाळीच्या शिट्ट्या विचारल्या.