गंजिफांचें मोल कोणाच्या पदरीं?

जुन्या खेळाचा नवा बाजार भरतो, तेव्हां नफा कोणाच्या पदरीं पडतो? सावंतवाडीच्या गंजिफा पाहतांना हा प्रश्न मनांत येतो.

बाबरानें १५२७ सालीं सिंधच्या शाह हसनाकडे गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. मोगली खेळांत आठ रंग व ९६ पानें. आपल्या दशावतारी खेळांत दहा अवतारांचे दहा रंग व १२० वाटोळीं पानें. प्रत्येक पान चितारी हातानें रंगवी. मजुरी मिळे ती एकदांच, आणि पानावर त्याचें नांव नसे.

छापील पत्ते स्वस्त झाले आणि ही मजुरीहि आटली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनीं राजवाड्यांत ही कला पुन्हां जागविली, तेव्हां ती जाणणारे पुंडलिक चितारी वृद्ध झाले होते.

जुने जोड आतां संग्राहकांच्या हातीं फिरतात. स्वामित्वहक्क कायद्यांत १९९४ सालीं घातलेल्या कलमान्वयें, मूळ चित्र दहा हजार रुपयांहून अधिक किंमतीस पुन्हां विकलें गेल्यास चित्रकारास वा त्याच्या वारसांस दहा टक्क्यांपर्यंत वांटा मागतां येतो. परंतु मृत्यूनंतर साठ वर्षांनीं तो हक्क संपतो. आणि ज्याचें नांवच लिहिलें नाहीं, त्याच्या वारसांनीं कोणता पुरावा दाखवावा?

म्हणून जुन्या जोडाचा नफा विकणाऱ्याचाच. चिताऱ्याच्या घरीं कांहीं पोंचावें असें वाटत असेल, तर आज रंगविलेला जोड घ्यावा, आणि पेटीवर त्याचें नांव लिहून मागावें.