स्टॅबिलायझर लिंक : मोटारीचा तोल सांभाळणारा लहान दुवा

खड्ड्यांच्या रस्त्यावरून कमी वेगाने जाताना मोटारीच्या पुढील भागातून येणारा ‘कट-कट’ असा आवाज ही वाहनचालकांची नेहमीची तक्रार आहे. या आवाजाचे वारंवार आढळणारे एक कारण म्हणजे झिजलेली स्टॅबिलायझर लिंक. गॅरेजच्या भाषेत तिला ‘लिंक रॉड’ म्हणतात. सस्पेन्शनमधील हा तुलनेने स्वस्त आणि सहज बदलता येणारा भाग आहे. मात्र निदान चुकले तर ग्राहकाला शॉक अब्सॉर्बर किंवा स्टिअरिंग रॅकसारख्या महागड्या भागांचा खर्च सोसावा लागतो आणि मूळ आवाज कायम राहतो. आवाजाकडे दुर्लक्ष केले तर भरधाव मोटार अचानक वळवण्याची वेळ आल्यास तिचा तोल सांभाळणारी यंत्रणाच निकामी झालेली असू शकते.

रचना आणि कार्य

वळणावर मोटारीचा सांगाडा बाहेरच्या बाजूला कलतो. हा कल मर्यादित ठेवण्यासाठी डाव्या आणि उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडणारी स्प्रिंग स्टीलची वाकवलेली दांडी बसवलेली असते. तिला स्टॅबिलायझर बार, अँटी-रोल बार किंवा स्वे बार अशी नावे आहेत. या कल्पनेचे पहिले पेटंट १९१९ साली कॅनडातील फ्रेडरिक्टन येथील संशोधक स्टीफन कोलमन यांना मिळाले.

बारचा मधला भाग रबरी बुशांच्या साहाय्याने गाडीच्या सांगाड्याला धरलेला असतो. त्याची दोन टोके प्रत्येकी एका लिंकने सस्पेन्शनला जोडलेली असतात. मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीच्या अनेक मोटारींत लिंकचे दुसरे टोक स्ट्रटला, तर इतर काही मोटारींत खालच्या कंट्रोल आर्मला जोडलेले असते. दोन्ही चाके एकाच वेळी सारखी वर गेली, तर बार बुशांमध्ये नुसता फिरतो आणि विरोध करत नाही. एकच चाक वर गेले किंवा वळणावर गाडी एका बाजूला कलली, तर बारला पीळ बसतो. तो पीळ सुटण्याच्या प्रयत्नात बार गाडीचा कल रोखून धरतो. हे बल चाकापासून बारपर्यंत पोहोचवणे एवढेच लिंकचे काम आहे.

यातूनच एक महत्त्वाची बाब स्पष्ट होते. बारला पीळ बसण्यासाठी त्याची दोन्ही टोके धरलेली असणे आवश्यक असते. त्यामुळे एका बाजूची लिंक तुटली, तरी त्या अक्षावरील संपूर्ण बार निरुपयोगी ठरतो. सरळ रस्त्यावर फरक फारसा जाणवत नाही. मात्र वळणावर किंवा अचानक मार्गिका बदलताना गाडी अधिक झुकते आणि स्टिअरिंगला प्रतिसाद उशिरा मिळतो. तुटलेला तुकडा लोंबकळत राहिल्यास टायर, ब्रेकचा रबरी होज किंवा ड्राइव्ह शाफ्टचा बूट यांना इजा होण्याचा धोका असतो. अशा स्थितीत लांबचा किंवा महामार्गावरील प्रवास टाळून वाहन सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत नेणेच इष्ट असते.

सर्व मोटारींची रचना एकसारखी नसते. मागे टॉर्शन बीम असलेल्या बहुतेक लहान मोटारींत मागील बाजूस स्वतंत्र लिंक नसते. काही जुन्या लहान मोटारींत पुढील बारची टोके थेट खालच्या आर्ममध्ये बसवलेली असतात. तेथे लिंकऐवजी बुश तपासावे लागतात.

झीज कशामुळे होते

आजच्या बहुतांश लिंकच्या दोन्ही टोकांना लहान बॉल जॉइंट असतात. गोळ्याभोवतीचे ग्रीस टिकवण्यासाठी त्यावर रबरी बूट असतो. हा बूट फाटला की ग्रीस बाहेर पडते, आत पाणी आणि धूळ शिरते आणि गोळा व त्याची वाटी यांत ढिलाई निर्माण होते. आवाज या ढिलाईतून येतो. दुसऱ्या प्रकारात लांब बोल्ट आणि रबरी बुश असतात. तेथे रबर दबून किंवा तडकून जोड सैल पडतो.

पावसाळ्यातील चिखलपाणी, किनारपट्टीवरील खारी हवा आणि खराब रस्ते यांमुळे झीज वेगाने होते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी त्याहून अरुंद आणि उभट उंचवटे आढळतात. असा उंचवटा तिरका ओलांडणे किंवा रस्त्याच्या कडेच्या फटीतून एकच बाजू काढून नेणे ही चालकांची सवय असते. त्यात दोन चाके वेगवेगळ्या उंचीवर जातात आणि नेमका लिंकवरच ताण येतो. गतिरोधक कमी वेगात सरळ ओलांडल्यास हा ताण कमी राहतो.

निदान कसे करावे

एकाच बाजूचे चाक खड्ड्यात गेल्यावर कमी वेगात आवाज येत असेल आणि गुळगुळीत रस्त्यावर तो थांबत असेल, तर लिंकचा संशय बळावतो. दोन्ही चाके सारखी आपटल्यावरच आवाज येत असेल, तर शॉक अब्सॉर्बर आणि त्याचे वरचे माउंटिंगही तपासावे. बारचे मधले बुश आणि खालच्या आर्मचा बॉल जॉइंट यांतूनही साधारण तसाच आवाज येतो. केवळ आवाज ऐकून भाग बदलणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होऊ शकतो.

तपासणीत एक चूक सर्रास होते. एकच चाक जॅकवर उचलले की बारला पीळ बसतो, लिंक ताणली जाते आणि ढिलाई लपते. म्हणून दोन्ही चाके जमिनीवर किंवा रॅम्पवर असताना, अथवा दोन्ही सारखी लोंबकळत असताना लिंक हाताने हलवून पाहावी. फाटलेला बूट, बाहेर आलेले ग्रीस, गंजलेला सांधा किंवा हाताला जाणवणारी खडखड ही झिजेची लक्षणे होत. खात्री होत नसल्यास अनुभवी मेकॅनिक दोन्ही लिंक तात्पुरत्या सोडवून, बारची टोके सुरक्षित बांधून, अत्यंत कमी वेगात छोटी चाचणी घेतो. आवाज थांबल्यास दोष लिंक किंवा बारच्या बुशमध्ये असल्याचे स्पष्ट होते.

बदलण्याची पद्धत

वाहन सपाट आणि टणक जागी उभे करून हँडब्रेक लावावा व मागील चाकांना अडण द्यावी. चाकांचे नट किंचित सैल करून पुढील दोन्ही बाजू उचलाव्यात आणि गाडी भक्कम स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. चाके काढल्यावर लिंकच्या आट्यांवरील माती तारेच्या ब्रशने साफ करून गंज सोडवणारे तेल लावावे.

नट फिरवताना बॉल जॉइंटचा स्टडही सोबत फिरू लागतो. त्यामुळे स्टडच्या टोकाला ॲलन की लावून किंवा मागील सपाट कडांवर पाना धरून नट सोडवावा. गंजाने घट्ट बसलेला नट ग्राइंडरने कापावा लागल्यास ब्रेकचा होज, एबीएसची वायर आणि ड्राइव्ह शाफ्टचा बूट झाकून सुरक्षित ठेवावे.

नवी लिंक जुनीशी लांबी आणि स्टडच्या दिशेबाबत ताडून पाहावी. काही मॉडेलमध्ये डावी आणि उजवी लिंक वेगळी असते. दोन्ही चाकांकडील सस्पेन्शन एकाच उंचीवर ठेवल्यास बारचा पीळ निघतो आणि लिंक जोर न लावता जागेवर बसते. नवे लॉक नट वापरून ते निर्मात्याने दिलेल्या टॉर्कनुसार टॉर्क रेंचने आवळावेत. हे प्रमाण मॉडेलनुसार बदलते. हवेच्या गनने नट आवळल्यास स्टड फिरून नव्या लिंकचा बूट पहिल्याच दिवशी फाटू शकतो. रबरी बुशच्या लिंकमध्ये नट प्रमाणाबाहेर आवळल्यास रबर चिरडले जाते.

एकाच अक्षावरील दोन्ही लिंक साधारण सारख्याच झिजतात. त्यामुळे त्या जोडीने बदलणे सोयीचे असते. लिंक चाकांचे कोन ठरवत नाही, म्हणून केवळ ती बदलल्यामुळे व्हील अलाइनमेंट करण्याची गरज सहसा नसते. आर्म, स्ट्रट किंवा टाय रॉडही बदलला असेल, तर मात्र अलाइनमेंट आवश्यक ठरते. चाके बसवताना नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि काही दिवसांच्या वापरानंतर लिंकचे व चाकांचे नट पुन्हा तपासावेत.

दैनंदिन निगा

बहुतेक लिंक सीलबंद असतात, त्यांत ग्रीस भरण्याची सोय नसते. ज्यांना ग्रीस निपल आहे, त्यांनाच ठरलेल्या वेळी ग्रीस द्यावे. सुईने बूट टोचून ग्रीस भरल्यास त्याच छिद्रातून पाणी आत शिरते. गंज रोखण्यासाठी गाडीखाली जुने इंजिन ऑइल किंवा डिझेल फवारण्याची पद्धतही हानिकारक आहे, कारण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि मऊ पडते. पावसाळा संपल्यावर खालचा भाग स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावा आणि प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी दोन्ही बूट पाहण्यास सांगावे.

नियमित वापरातील झीज सर्वसाधारण मोटार विम्यात समाविष्ट नसल्याने हा खर्च मालकालाच करावा लागतो. त्यामुळे भाग बदलण्यापूर्वी ढिलाई प्रत्यक्ष पाहून घेणे, काम झाल्यावर जुना भाग परत मागणे आणि नव्या भागाचे नाव बिलावर नमूद करून घेणे ग्राहकाच्या हिताचे ठरते.