मेंदूची गोष्ट आणि ती सांभाळणारे हात

मेंदूवरचं पुस्तक म्हटलं की आपल्या बऱ्याच जणींना वाटतं, हे सायन्सवाल्यांचं काम, आपण कशाला त्यात पडा! मीही कला शाखेची. पण मेंदूचा इतिहास वाचायला लागल्यावर लक्षात आलं, की तो प्रयोगशाळेपेक्षा घरांमध्येच जास्त घडला आहे. निरोगी मेंदू आपलं काम गुपचूप करतो, काही सांगत नाही. तो बोलायला लागतो तो बिघडल्यावर. आणि बिघडलेलं माणूस कुणाच्या तरी घरातलं असतं.

पहिली गोष्ट अमेरिकेतली. 1848 च्या सप्टेंबरमध्ये व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना सुरुंग अवेळी उडाला आणि सुमारे सहा किलोची लोखंडी पहार फिनिअस गेज या मुकादमाच्या गालातून शिरून कवटीच्या वरून बाहेर पडली. तो वाचला. हार्लो नावाच्या डॉक्टरांनी त्याच्यावर उपचार केले. गेजचा स्वभाव पार बदलला, असं त्यांनी पुढे लिहिलं. मेंदूचा पुढचा भाग आणि माणसाची वागणूक यांचा संबंध सांगताना आजही ही कथा पहिली येते. पण पुष्कळ पुस्तकांत गेज शेवटपर्यंत वाया गेलेला माणूस म्हणून रंगवलेला असतो, आणि इथे वाचणारीने जरा थांबावं. कारण हाच गेज पुढे चिली देशात कित्येक वर्षं घोडागाडी हाकत होता. सहा घोड्यांचे लगाम सांभाळणं हे काही वाया गेलेल्या माणसाचं काम नव्हे. 1860 मध्ये तो वारला, तेव्हा तो आईजवळ होता. काही वर्षांनी हार्लोंच्या विनंतीवरून कुटुंबाने कबर उघडायला परवानगी दिली. ती कवटी आणि ती पहार आज हार्वर्डच्या संग्रहालयात आहे. त्या आईने हो म्हणताना काय गिळलं असेल, हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात येत नाही.

दुसरा माणूस पॅरिसचा, लबोर्न आडनावाचा. 21 वर्षं तो रुग्णालयात होता. समोरच्याचं बोलणं त्याला समजायचं, पण तोंडून एकच शब्द निघायचा, ‘तान’. 1861 मध्ये तो गेल्यावर पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला. डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा सापडली. वाचा मेंदूच्या ठरावीक जागेशी बांधलेली आहे, याचा हा मोठा पुरावा ठरला. जागेला नाव मिळालं ब्रोकांचं. रुग्णाला मात्र लोक ‘तान’च म्हणत राहिले.

तिसरी बाई जर्मनीची, ऑगुस्ट डेटर. 1901 मध्ये तिच्या नवऱ्याने तिला फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आणलं, तेव्हा ती 51 वर्षांची होती. तिला स्वतःचं नावही नीट लिहिता येत नव्हतं. तिला तपासणाऱ्या डॉक्टरांचं नाव आलॉईस अल्झायमर. 1906 मध्ये ती गेली आणि त्याच वर्षी त्यांनी तिच्या मेंदूतले बदल इतर डॉक्टरांपुढे मांडले. आज त्या आजाराचं नाव प्रत्येक गल्लीत ठाऊक आहे.

आणि चौथा हेन्री मोलेसन. त्याला फार फिट्स यायच्या. 1953 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी, डॉक्टरांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला भाग काढला. फिट्स कमी झाल्या, पण नवीन आठवण धरून ठेवायची शक्तीच गेली. आत्ता भेटलेला माणूस थोड्या वेळाने अनोळखी! ब्रेंडा मिल्नर या बाईंनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात चांगला सुधारला, आणि दर वेळी त्याला वाटायचं की आपण हे पहिल्यांदाच करतोय. यावरून कळलं, की प्रसंगांची आठवण वेगळी आणि हाताची आठवण वेगळी. घरातली म्हातारी नातवाचं नाव विसरते, पण पोळपाटापुढे बसवली की पोळी गोल लाटते. हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्याचं उत्तर या माणसाने दिलं. 2008 मध्ये तो गेला, तोवर जगाला त्याची फक्त आद्याक्षरं माहीत होती. त्याला वर्षानुवर्षं घरी सांभाळलं ते त्याच्या आईवडिलांनी.

तत्त्वार्थसूत्राच्या स्वाध्यायाला बसणाऱ्या बायकांना इथे काहीतरी ओळखीचं वाटेल. मतिज्ञानाच्या चार पायऱ्या आपण शिकतो: अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. आधी ओझरतं कळणं, मग जाणून घ्यायची ओढ, मग निश्चय आणि शेवटी ते टिकवून ठेवणं. हेन्रीला पहिल्या तिन्ही जमत होत्या, तुटली ती चौथी. म्हणून आपल्याकडे सगळं आधीच माहीत होतं असं म्हणू नये. आचार्यांनी ज्ञानाचा विचार आतून केला, या डॉक्टरांनी बाहेरून. पण जाणणं एक आणि धरून ठेवणं दुसरं, हा भेद दोघांनाही करावा लागला.

आता वाचायचं काय? मराठीत सुरुवात आनंद जोशी आणि सुबोध जावडेकर यांच्या ‘मेंदूतला माणूस’पासून करा. इंग्रजी जमत असेल तर ऑलिव्हर सॅक्स यांचं 1985 चं ‘द मॅन हू मिस्टूक हिज वाइफ फॉर अ हॅट’ घ्या. एकेक रुग्णाची एकेक गोष्ट आहे, दुपारच्या वेळेत एक वाचून होते. मग चेन्नईत डॉक्टर झालेले व्ही. एस. रामचंद्रन यांचं ‘फँटम्स इन द ब्रेन’. कापलेल्या हाताच्या वेदना एका साध्या आरशाने कशा कमी करता आल्या, ते त्यात आहे. शेवटी सुझान कॉर्किन यांचं ‘परमनंट प्रेझेंट टेन्स’. 1962 पासून शेवटपर्यंत हेन्रीचा अभ्यास करणाऱ्या बाईंनीच ते लिहिलंय.

या पुस्तकांनी कुणाचा आजार बरा होत नाही. पण घरातली सासूबाई ‘जेवण झालं का?’ हे पाचव्यांदा विचारते, तेव्हा तो हट्ट नाही, नाटक नाही आणि तिच्या कर्माचा दोष काढायची ती वेळही नाही, एवढं समजतं. तिची धारणा सुटते आहे, माणूस तसंच आहे. वाचताना एक सवय मात्र लावून घ्या. शोध कुणी लावला हे पुस्तक सांगेलच. त्या रुग्णाला रोज जेवू कोण घालत होतं, हे आपण विचारायचं.