आश्वासनाचे बंधन : ब्रिटनमधील कुशल स्थलांतरित आणि न्यायालयीन पुनर्विलोकन

शासनाने निर्माण केलेल्या ‘रास्त अपेक्षे’ची संकल्पना इंग्लंडच्या प्रशासकीय विधीत आज रूढ झालेली आहे. परंतु तिचा प्रथम उच्चार परकीयांच्या वास्तव्यासंबंधीच्या एका खटल्यात झाला, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. सायंटॉलॉजी पंथाच्या काही परदेशी विद्यार्थ्यांना मुदतवाढ देण्याचे गृहखात्याने १९६८ साली नाकारले. दिलेल्या मुदतीपर्यंत राहू दिले जाईल अशी अपेक्षा परकीयाने बाळगणे रास्त होय, मुदतीपलीकडे मात्र त्याचा कोणताही हक्क नाही, असे लॉर्ड डेनिंग यांनी प्रतिपादिले. विद्यार्थी हरले, शब्दप्रयोग तेवढा मागे राहिला.

त्याला खरे बळ आले ते १९९९ मध्ये. अपंग रुग्णांना दिलेले कायम निवासाचे वचन नॉर्थ अँड ईस्ट डेव्हनच्या आरोग्य प्राधिकरणाने मोडू पाहिले, तेव्हा अपील न्यायालयाने त्यास प्रतिबंध केला. केवळ म्हणणे ऐकून घेण्याचाच नव्हे, तर वचनातील लाभ मिळण्याचाही हक्क अशा अपेक्षेतून उद्भवू शकतो, हे त्यामुळे प्रस्थापित झाले.

हे तत्त्व पुन्हा परकीयांच्या उपयोगी पडले ते अतिकुशल स्थलांतरितांच्या योजनेमुळे. २००२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या या योजनेत नोकरी आधी हाती असण्याची अट नव्हती. शिक्षण, अनुभव, पूर्वीची मिळकत इत्यादींस गुण देऊन प्रवेश मिळे. ब्रिटन हेच आपले प्रमुख वास्तव्यस्थान करू, असे अर्जदारास लिहून द्यावे लागे. उलटपक्षी, योजनेत पुढे फेरफार झाले तरी आधी प्रवेश मिळालेल्यांना राहू दिले जाईल व चार वर्षांनंतर कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येईल, असे मार्गदर्शिकेत नमूद होते. अनेकांनी स्वदेशातील नोकऱ्या सोडल्या त्या या वाक्याच्या भरवशावर. यांत भारतीय पुष्कळ होते.

नोव्हेंबर २००६ मध्ये गुणांची पद्धत बदलली. नवे निकष जुन्या परवानाधारकांच्या मुदतवाढीसही लागू करण्यात आले आणि अनुभवाचे गुण वगळले गेले. परिणामी, एकदा अतिकुशल ठरलेल्या माणसाचा अर्ज दुसऱ्या खेपेस फेटाळला जाऊ लागला. ८ एप्रिल २००८ रोजी सर जॉर्ज न्यूमन यांनी हा बदल जुन्या परवानाधारकांपुरता बेकायदेशीर ठरविला. वचन मोडण्याइतके सबळ लोकहिताचे कारण शासनास दाखविता आले नाही, हा निर्णयाचा गाभा होय. कायम वास्तव्यासाठी चारऐवजी पाच वर्षांची अट मात्र कायमच होती; ती दूर करण्यासाठी दुसरा दावा लावावा लागला व त्याचा निकाल २००९ मध्ये लागला. हरलेला पक्ष निकालाचा अर्थ किती संकुचित घेतो, हे येथे चांगले दिसते.

त्याच एप्रिलच्या ३० तारखेस उमराव सभेने भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या बाजूने चारास एक मतांनी निर्णय दिला. याच योजनेखाली आलेल्या डॉक्टरांना प्रशिक्षणाच्या जागांसाठी मागे ठेवावे, अशी सूचना आरोग्यखात्याने २००६ मध्ये रुग्णालयांना दिली होती. गृहखात्याने दिलेल्या परवान्याचा लाभ त्यामुळे निष्फळ होत होता.

येथवर मार्गदर्शिका अर्जदाराच्या कामी आली. तीच त्याच्या विरुद्ध वापरता येईल काय? हा प्रश्न एका फिजिओथेरपी सहायकाच्या खटल्यात १८ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला. त्याचे काम आवश्यक कौशल्यपातळीचे नाही असे सांगून अर्ज नाकारला होता; पण ही पातळी ठरविणारी यादी संसदेपुढे कधीच मांडलेली नव्हती. जी अट न पाळल्यास अर्ज फेटाळला जातो ती नियमच होय, आणि १९७१ च्या इमिग्रेशन कायद्यानुसार नियम संसदेपुढे ठेवलाच पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. म्हणजे मार्गदर्शिकेतील आश्वासन ती काढणाऱ्यास बांधते, परंतु तिच्यातील नवी अट अर्जदारास बांधत नाही. वरवर विसंगत भासणाऱ्या या दोन निष्पत्तींचे मूळ एकच : लेखी शब्दाचा भार तो लिहिणाऱ्यावर पडतो.

या विजयाची मर्यादाही नोंदविली पाहिजे. पुनर्विलोकन करणारे न्यायालय परवाना देत नाही. नकार रद्द करून प्रकरण गृहखात्याकडेच परत जाते. २०१२ च्या निकालानंतर तर अवघ्या दोन दिवसांत शासनाने असा मजकूर नियमांत घालून संसदेपुढे ठेवला, आणि नंतरच्या अर्जदारांना त्याच अटी विधिवत लागू झाल्या.