काळी मिरी, लाल मिरची

रजेवर आलेला फौजी माणूस बोलू लागला, की आपण मधेच अडखळतो. अर्धे शब्द तोडलेले, अर्धी नुसती अक्षरे! हे फौजेचे खूळ आहे असे वाटते. पण त्यामागे गरज असते. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या टेलिफोनवर इंग्रजीतली बी, डी, पी, टी ही अक्षरे सारखीच ऐकू येत. आणि तिथे चुकीचे ऐकणे म्हणजे माणसे मरणे. म्हणून संदेशवाल्यांनी 'ए'ला 'ॲक', 'एम'ला 'एमा', 'पी'ला 'पिप' म्हणायचे ठरवले. सकाळचे ए. एम. मग 'ॲक एमा' झाले.

काही शब्द तर त्यांनी आपल्याकडून नेले. गोरा शिपाई मायदेशाला 'ब्लायटी' म्हणे. हा आपला 'विलायती' बरं का! जीव न जाता घरी पाठवणी होईल एवढीच जखम झाली, तर तिलाही 'ब्लायटी' म्हणत.

हिंदी शिपायाचे घर मात्र विलायतेत नव्हते. १९१४ च्या सप्टेंबरात आपल्या पलटणी मार्सेय बंदरात उतरल्या. पुढच्या मार्चमध्ये न्यूव शापेलच्या एका लढाईत हिंदी तुकड्यांतले सुमारे ४,२०० लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. ब्रायटनच्या इस्पितळात बरा झालेला शिपाई पुष्कळदा पुन्हा फ्रान्सलाच धाडला जाई. हे घरी कळवावे कसे? पत्र सेन्सॉर वाचणार. कित्येकांना लिहिता येत नसल्याने आधी लेखनिकाच्या हातून जाणार ते वेगळेच.

तेव्हा शिपायांनी स्वयंपाकघरातले शब्द घेतले. काळी मिरी म्हणजे हिंदी सैनिक, लाल मिरची म्हणजे गोरे. इकडे काळी मिरी फार खपते, लाल जपून वापरतात, अशा अर्थाचा मजकूर १९१५ च्या पत्रांत सापडतो. वरून पाहावे तर वाणसामानाचा हिशेब. पण घरच्या धाकट्या भावाला त्यातून कळावे, की बाबा रे, भरतीला जाऊ नकोस.

सेन्सॉर हॉवेल हा हिंदुस्थानात नोकरी केलेला अधिकारी होता. त्याच्या कचेरीला ही मिरची लगेच झोंबली! परंतु उघड काही न लिहिता मनातले कळवण्यात हे लोक इतके पटाईत, की त्यांना पुरता आळा घालणे जवळजवळ अशक्य, असे त्यालाही कबूल करावे लागले. पत्रे अडवावी तर पलटणीत असंतोष, सोडावी तर गावात बातमी.

शिपायांच्या घरी पोहोचलेली बहुतेक पत्रे केव्हाच गेली. चुलीत गेली असतील, वाळवीने खाल्ली असतील. हॉवेलच्या माणसांनी मात्र वरिष्ठांसाठी निवडक उतारे इंग्रजीत उतरवून ठेवले होते. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ज्याच्यापासून लपवायचे, त्याच्याच दप्तरात ती काळी मिरी आजवर राहिली आहे.