फुटपाथवर चढलेली सायकल

जपानच्या उपनगरांत फुटपाथवरून सायकल चालवणे इतके सवयीचे झाले आहे की तो जुना रिवाजच वाटावा. पण १९६०च्या वाहतूक कायद्याने सायकलीला वाहन मानून रस्त्यावरच ठेवले होते. पुढे मोटारी बेसुमार वाढल्या आणि १९७० साली रस्ते अपघातांत १६,७६५ माणसे दगावली. त्याच वर्षी ठरावीक फुटपाथ सायकलींना खुले झाले. १९७८मध्ये कायद्याने ही सोय पक्की केली. मोटारीला वेसण घालण्यापेक्षा सायकलस्वाराला बाजूला काढणे सोपे होते. परिणामी सायकलींच्या स्वतंत्र मार्गांची निकड ओसरली आणि रस्त्यावरच्या धोक्याचा एक वाटा पादचाऱ्याच्या गळ्यात पडला. १९७९पर्यंत अपघाती मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे खरे. पण त्याच काळात सिग्नल, कठडे, पादचारी पूलही झपाट्याने उभे राहिले. सगळे श्रेय या सवलतीला कसे द्यायचे?

१९९३ साली यामाहाने विजेची मदत देणारी सायकल आणली. पेडल मारल्याशिवाय मोटर चालत नाही, म्हणून कायद्याने ती सायकलच ठरली. परवाना नको, फुटपाथही खुला. २००८मध्ये कमी वेगाला मोटरची मदत पायाच्या जोराच्या दुपटीपर्यंत वाढवायला मुभा मिळाली, तर २००९मध्ये खास बनावटीच्या सायकलीवर दोन लहान मुले बसवायला. पाळणाघर, स्टेशन, बाजार अशी धावपळ करणाऱ्या आयांना हे वरदानच होते. नियम मात्र जुनाच: रस्त्याकडच्या बाजूने, अगदी सावकाश चालवा, पादचाऱ्याला अडथळा होत असेल तर थांबा. दोन मुलांसह जड झालेली सायकल चालीच्या वेगाने हाकली तर डगमगते, हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे.

मग त्या आईने ट्रकांच्या गर्दीत शिरायचे का? २००८पासून तेरा वर्षांखालची मुले, सत्तरी गाठलेले वृद्ध आणि नाइलाज झालेले स्वार यांना बिगर-ठरावीक फुटपाथही मोकळे आहेत. दुर्बळाला आसरा देणारी ही तरतूद मला रास्त वाटते; फक्त ‘नाइलाज’ कधी, हे भर रहदारीत तिनेच ठरवायचे. २०२३मध्ये ई-स्कूटरला परवानगी देताना सरकारने जास्त शहाणपण दाखवले: रस्त्यावर ताशी २० किलोमीटर, आणि परवानगी असलेल्या फुटपाथवर यंत्रातच ६ची मर्यादा, सोबत लुकलुकणारा हिरवा दिवा. वेगाची ही हमी स्कूटरच्या यंत्राकडून घेतली. विजेच्या सायकलीबाबत ती अजून स्वाराच्या भरवशावरच आहे.